आरसा म्हणजे प्रत नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती सर्व्हरवरचा (घरच्या फाइली सांभाळायला सतत चालू ठेवलेल्या कॉम्प्युटरवरचा) लेख वाचला. मराठी पेपरात या विषयावर लिहून आलं याचा आनंद झाला, कारण गूगल फोटोची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद झाल्यापासून माझ्या ओळखीत निदान दहा जणांनी मला हेच विचारलंय की जुन्या कॉम्प्युटरवर घरच्या घरी काही करता येईल का. येतं. पण लेखात वाचकांना सल्ला दिलाय की दोन डिस्कची पेटी घ्या, दोन्हींचा आरसा करा (म्हणजे एकीवर जे होईल ते दुसरीवरही आपोआप होईल), मग काळजी नको. महोदय, याच सल्ल्यावर विसंबून माझी पाच वर्षांची कमाई गेली, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय. जमल्यास न कापता छापावं.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. चादर आणि टॉवेलची जकार्ड डिझाइनं काढणं हा माझा धंदा. १९८६ साली ग्राफच्या कागदावर लाल पेन्सिलीने चौकोन भरण्यापासून सुरुवात केली, मग कार्ड पंचिंग शिकलो, आणि १९९९ पासून कॉम्प्युटरवर. घरात आम्ही तेलुगू बोलतो, हिशेब आणि पत्रव्यवहार मराठीत.

जुन्या पद्धतीत डिझाइन म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ. एक कार्ड म्हणजे बाण्याचा एक आडवा धागा. कार्डाला भोक असेल तिथला हुक वर जातो आणि त्याला बांधलेला ताण्याचा उभा धागा उचलला जातो. फ्रान्सच्या लियाँ शहरात जकार नावाच्या माणसाने १८०४ साली हे यंत्र आणलं, आणि पुढे कॉम्प्युटरला माहिती द्यायलाही कितीतरी वर्षं भोकांची कार्डंच वापरात होती. माझ्या माळ्यावर माझ्या हातच्या दोन माळा अजून आहेत. उंदरांनी कोपरे कुरतडलेत, पण भोकं जिथल्या तिथे आहेत. आज माग लावला तर चादर निघेल. फाइलचं असं नसतं, हे मला फार उशिरा कळलं.

२०१८ मध्ये मी दोन डिस्कची तयार पेटी घेतली. विकणाऱ्याने आरसा करून दिला आणि सांगितलं की एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळं आहे. ते खोटं नव्हतं. जून २०२१ मध्ये माझ्याकडे काम शिकणारा मुलगा पेटीत जागा करायला बसला. '२००९ ते २०१४' या नावाचे दोन फोल्डर त्याला दिसले. एकात नुसते शॉर्टकट होते, दुसऱ्यात खऱ्या फाइली. त्याने दुबार समजून खऱ्या काढून टाकल्या. नेटवर्कवरची फाइल काढली की ती आपल्या कॉम्प्युटरच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, सरळ जाते. आणि आरशातल्या दुसऱ्या डिस्कनेही त्याच क्षणी तेच केलं, कारण पहिलीवर जे होईल ते आपल्यावर करणं हेच तिचं काम. पेटीचे दोन्ही हिरवे दिवे लागलेले होते. तिच्या मते सगळं ठाकठीक होतं. मुलाला मी बोललो नाही. एका बोटाने जाईल अशा जागी मीच पाच वर्षांचं काम ठेवलं होतं.

सुमारे ११०० डिझाइनं गेली. जुन्या गिऱ्हाइकांना फोन करकरून साडेतीनशे परत मिळाली. बाकीच्यातलं एक मोराचं डिझाइन मला हवंच होतं, कारण ती चादर माझ्या आईने शेवटपर्यंत वापरली. मग तीच चादर टेबलावर पसरली, धागे मोजायचं भिंग घेतलं, आणि इंचाइंचाने ताणा-बाणा मोजत ग्राफ भरायला घेतला. मोराच्या मानेपाशी चादर इतकी विरली होती की धागा कुठला आणि विटलेला रंग कुठला हे दिव्याखाली धरूनही कळेना. बायको पलीकडून टाचणीने एकेक धागा उचलून धरायची आणि मी मोजायचो. नऊ दिवस लागले. उरलेली साडेसातशे डिझाइनं अशी मोजायला ना चादरी आहेत, ना माझं आयुष्य पुरेल.

आरसा हा रेड नावाच्या पद्धतीचा एक प्रकार, आणि त्याचं काम वेगळं आहे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांचा यावरचा निबंध १९८८ मधला. स्वस्त डिस्कांपैकी एखादी मेली तरी काम थांबू नये, हा त्यामागचा विचार. बँकेला, दवाखान्याला ते लागतं, कारण तिथे तासभर बंद म्हणजे रांग लागते. माझ्या घरी डिस्क मेली आणि सर्व्हर दोन दिवस बंद राहिला तर कुणाचंही काही अडत नाही. चुकून पुसलं गेलं, व्हायरसने कुलूप घातलं, चोरी झाली, तर मात्र सगळंच अडतं, आणि यातल्या एकाही संकटात आरसा कामाचा नाही. म्हणून सामान्य घराकडे दोनच डिस्कचे पैसे असतील तर माझं ठाम मत आहे की आरसा करू नका. एक डिस्क कामाला लावा आणि दुसरीवर तारीखवार प्रती ठेवा. तिसरीचे पैसे झाले की तीही प्रतीलाच द्या. आरशाचा नंबर चौथ्या डिस्कला.

आता ऑपरेटिंग सिस्टीमचं सांगतो, कारण लेखात ती निवड जणू रंग निवडण्यासारखी दाखवली आहे.

मे २०२३ मध्ये वळवाच्या पावसात वीज तीन-चारदा आली-गेली आणि त्या पेटीचा अ‍ॅडॉप्टर जळाला. तसा अ‍ॅडॉप्टर गावात मिळेना. मी डिस्क बाहेर काढून केबलने विंडोजच्या कॉम्प्युटरला लावली. पडद्यावर खिडकी आली: ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? माउस बटणावर होता. दोन वर्षांपूर्वीचं आठवलं आणि हात काढून घेतला. मुलगी पुण्यात नोकरीला आहे, तिला फोन लावला. ती म्हणाली, "नाना, कशालाच हो म्हणू नका. डिस्क काढून ठेवा, मी शनिवारी येते." ती आली, पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम) सुरू केलं, डिस्क लावली, दोन-तीन आज्ञा दिल्या आणि सगळे फोल्डर समोर. विंडोजला ज्या डिस्कवर काहीच दिसत नव्हतं, त्याच डिस्कवर माझी सगळी डिझाइनं होती. पेटीच्या आत मुळात लिनक्सच चालत होतं, हे मला पाच वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी मी माझी कसोटी ठरवली. यंत्र मेलं तर नुसती डिस्क काढून, कुठल्याही कॉम्प्युटरवर, फुकट मिळणाऱ्या साधनाने ती वाचता आली पाहिजे. बाकी सोयी नंतर.

या कसोटीवर मी डेबियन नावाचं लिनक्स घेतलं. १९९३ पासून चालू आहे, कुठल्या एका कंपनीच्या मालकीचं नाही. साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला एकूण पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. १२ वी आवृत्ती १० जून २०२३ ला आली, मी जुलैत बसवली. ऑगस्ट २०२५ मध्ये १३ वी आली, ती दिवाळीच्या सुट्टीत चढवली, दीड तासाचं काम. मधल्या सव्वादोन वर्षांत एकही गोष्ट जागची हलली नाही आणि मला तेच हवं होतं. यंत्र म्हणाल तर ऑफिसात पडून असलेला चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा कॉम्प्युटर, ४ जीबी रॅम. त्यावर विंडोज ११ रीतसर बसत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. असे कॉम्प्युटर आज गावातल्या कितीतरी ऑफिसांत भंगारवाल्याची वाट बघत पडलेत. ते भंगारात घालू नका, एवढं तरी छापाच.

ज्यांना आज्ञा टाइप करायची भीती वाटते त्यांनी ओपनमीडियाव्हॉल्ट घ्यावं. आत डेबियनच आहे, वर ब्राउझरमधून चालवायचा पडदा आहे. याच कामासाठीचं ट्रूनॅसही उत्तम, पण त्याला निदान ८ जीबी रॅम लागते आणि सिस्टीमसाठी वेगळी डिस्क द्यावी लागते. माझ्या यंत्राला ते झेपलं नसतं. अनरेडही तशाच कामाचं, पण त्याला पैसे पडतात. प्रॉक्समॉक्स एका यंत्रात अनेक यंत्रं चालवण्यासाठी आहे. माझ्या घरी एकच काम आहे, फाइली आणि फोटो सांभाळणं, त्याला एवढा पसारा कशाला?

डिस्कच्या आखणीसाठी, म्हणजे फाइली डिस्कवर मांडण्यासाठी, मी ईएक्सटी-४ ही पद्धत वापरतो. २००८ पासून लिनक्समध्ये पक्की झालेली आहे. मुलीचा आग्रह झेडएफएस या दुसऱ्या पद्धतीचा होता, आणि तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. झेडएफएस प्रत्येक तुकड्याची बेरीज (चेकसम) लिहून ठेवतं आणि वाचताना पडताळतं. माझ्या धंद्यात याचं मोल लगेच कळतं. डिझाइनच्या फाइलमध्ये एक ठिपका बदलला तर ताण्याचा जो धागा उचलायचा तो खाली राहतो, आणि दर रिपीटला तोच डाग उमटत जातो. शंभर चादरी विणून होईपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. ईएक्सटी-४ ही पडताळणी करत नाही. पण डेबियनमध्ये झेडएफएस परवान्याच्या अडचणीमुळे गाभ्याबरोबर (कर्नलबरोबर) तयार मिळत नाही, गाभा बदलला की ते नव्याने बांधून घ्यावं लागतं (उबुंटूत २०१६ पासून तयार मिळतं). एखाद्या रात्री ते बांधणं फसलं आणि सकाळी डिस्कच दिसेना, तर मुलगी पुण्यात आणि मी इथे. म्हणून मी बेरजेचं काम वेगळं काढलं. दर फाइलची शा-२५६ नावाच्या पद्धतीने काढलेली बेरीज एका यादीत आहे आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला सर्व्हर सगळी यादी ताडून बघतो.

२०२४ च्या मार्चमध्ये तीन फाइली जुळल्या नाहीत. मला वाटलं डिस्क गेली. स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते आकडे बघितले, खराब जागा दाखवणाऱ्या पाच, एकशे सत्याण्णव आणि एकशे अठ्ठ्याण्णव या तिन्ही ओळींत शून्य. मग रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर लावला आणि पहाटे पडदा लाल. रॅमची एक कांडी खराब होती. कांडी बदलली, तिन्ही फाइली प्रतीतून आणल्या. ज्यांच्याकडे यंत्र बरं आहे, मोठी साठवण आहे आणि हाताशी जाणकार आहे, त्यांनी झेडएफएसच घ्यावं. आरसा करायचाच असेल तर तोही झेडएफएसचाच करावा, कारण दोन्हीकडे फरक पडला तर खरं कुठलं हे बेरजेवरून त्याला ठरवता येतं, साध्या आरशाला येत नाही.

प्रतींसाठी आरस्नॅपशॉट हे साधन लावलंय. रोजच्या सात, आठवड्याच्या चार, महिन्याच्या बारा अशा तारीखवार प्रती ते ठेवतं. जी फाइल बदलली नाही तिला पुन्हा जागा लागत नाही. बघायला मात्र प्रत्येक तारखेचा पूर्ण फोल्डर दिसतो, साधा उघडता येणारा. त्याच्या मांडणीच्या (सेटिंगच्या) फाइलमध्ये दोन शब्दांमध्ये स्पेस चालत नाही, टॅबच लागतो. या एका गोष्टीत माझी अख्खी संध्याकाळ गेली, म्हणून वाचकांसाठी नोंदवतो.

आणखी एक खड्डा आहे, त्यात मी पडलो. पहिल्याच पावसाळ्यात प्रतीच्या डिस्कची यूएसबी केबल सैल झाली. डिस्क जोडलेली नाही हे प्रत काढणाऱ्या प्रोग्रामला कळलं नाही. ज्या नावाच्या फोल्डरवर डिस्क जोडली जाते तो फोल्डर सिस्टीमच्या डिस्कवर रिकामा असतोच, त्याने बारा दिवस त्यातच प्रती काढल्या. १२० जीबीची छोटी डिस्क भरली आणि सर्व्हर अडला. त्या बारा दिवसांत मी निर्धास्त होतो, ही गोष्ट मला जास्त लागली. आता मांडणीत 'नो क्रिएट रूट' चालू आहे, म्हणजे ठरलेला फोल्डर खऱ्या डिस्कवर सापडला नाही तर प्रोग्राम काम करायला नकार देतो. रोज सकाळी फोनवर एक ओळ येते, काल किती फाइली गेल्या. ओळ आली नाही तर चहाआधी उठून बघतो.

डिस्क विकत घेताना दुकानदाराला सीएमआर की एसएमआर हे विचारा, डिस्कवर लिहिण्याच्या या दोन पद्धती. एसएमआरमध्ये लिहिण्याचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची उचलावी लागतात, तसंच तिथेही. प्रतीला चालेल, आरशाला किंवा झेडएफएसला नको. नॅससाठी (नेटवर्कवरच्या साठवणीच्या पेट्यांसाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क न सांगता एसएमआर दिल्याचं २०२० मध्ये उघड झालं होतं, तेव्हा खोक्यावरच्या नावावर जाऊ नका, मॉडेल नंबर तपासा.

सोलापूरकरांसाठी खास सांगायचं ते उन्हाचं. आधी मी सर्व्हर माळ्यावर पत्र्याखाली ठेवला होता. मे महिन्यात बाहेर ४३ अंश, डिस्क ५६ वर. बहुतेक घरगुती डिस्कना कंपन्या ६० ची मर्यादा देतात. जिन्याखाली गारवा असतो, पण आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, जिन्याखाली पिंपं. शेवटी मधल्या खोलीतला जुना कोनाडा रिकामा केला, तिथे मेमध्ये ४६ च्या वर गेली नाही. आमच्या भागात मागांमुळे हवेत कापसाचा तंतू असतो, तो पंख्यावर गादीसारखा जमतो. दर अमावास्येला ब्रश मारतो. यूपीएस हवाच, आणि त्याची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून नट नावाचा प्रोग्राम लावा, बॅटरी संपायला आली की सर्व्हर स्वतः नीट बंद होतो. माझं यंत्र मोजून २२ वॅट खातं, म्हणजे महिन्याला सोळा युनिट.

बाहेरून बघायला राउटरची दारं (पोर्ट) उघडू नका. २०२१-२२ मध्ये इंटरनेटला उघड्या ठेवलेल्या अशा घरगुती पेट्यांवर खंडणीखोरांनी हल्ले करून लोकांच्या फाइलींना कुलपं घातली. मुलगी पुण्याहून बघते ती वायरगार्ड या व्हीपीएनमधून, म्हणजे फक्त आपल्यालाच उघडणाऱ्या कुलूपबंद वाटेने.

तिसरी प्रत घराबाहेर असते. दोन छोट्या डिस्क आहेत, एक इथे, एक अक्कलकोटला अक्काच्या कपाटात. महिन्यातून एकदा स्वामींच्या दर्शनाला जातो, तेव्हा ताजी डिस्क टॉवेलमध्ये गुंडाळून नेतो आणि जुनी घेऊन येतो. दोन्हींना लक्सचं कुलूप (परवलीच्या शब्दाशिवाय डिस्क वाचता येत नाही असं एन्क्रिप्शन) आहे, कारण गिऱ्हाइकांची डिझाइनं माझ्याकडे विश्वासाने असतात. परवलीचा शब्द पाकिटात घालून अक्काकडेच पण वेगळ्या जागी ठेवलाय. मी नसलो तर मुलीला मिळावा म्हणून. अक्का ती डिस्क तिच्या मंगळसूत्राच्या डबीशेजारी ठेवते.

गेल्या महिन्यात एका कारखानदाराला २०१६ चं किनारीचं डिझाइन तातडीने हवं होतं आणि कामाच्या फोल्डरमध्ये माझ्याच हातून त्यावर दुसरं सेव्ह झालेलं निघालं. मी सप्टेंबरची प्रत उघडली, फाइल उचलली, बेरीज ताडली आणि पाठवून दिली. चार मिनिटं लागली. दुपारी त्याचा निरोप आला की माग सुरू झालाय.

तर आपल्याला विनंती अशी, की दोन डिस्कच्या आरशाने डेटाची काळजी मिटते या त्या लेखातल्या विधानाची दुरुस्ती येत्या रविवारी, त्याच पानावर छापावी. तो लेख वाचून माझ्या गल्लीतल्या दोघांनी पेट्यांची चौकशी सुरू केली आहे.

आपला नियमित वाचक,
एक जकार्ड डिझाइनर,
पूर्व भाग, सोलापूर
(नाव प्रसिद्ध करू नये.)